सुतारपक्ष्याची दारं

फार मागे, एका रानात कुठल्याच ढोलीला दार नसायचं. मग सुतारपक्ष्याने ऐनाच्या झाडाच्या जाड सालीचं पहिलं दार बनवलं. "दारं लावायला आपण काय माणसं आहोत?" म्हणून पक्षी हसले. साळुंकीने मात्र चोचभर अळ्या देऊन ते घेतलं. त्या वर्षी धामण तिच्या दारावर डोकं आपटून परत गेली. झालं, मग पोपट, पिंगळे, सगळ्यांनीच दारं लावली.

पण दारं काही मोडेनात, म्हणून नवं कोणी मागेना. सुतारपक्ष्याकडे अळ्या येईनात. तेव्हा त्याने पातळ सालीवर वेलबुट्टी कोरली आणि रानभर ओरडत सुटला, "जुनं दार म्हणजे घराची अवकळा!" साळुंकीलाही भुरळ पडली. तिने जुनं काढून नवं लावलं.

धामणीने ते एका धक्क्यात फोडलं आणि अंडी गिळली.

साळुंकी तडक सुतारपक्ष्याच्या झाडावर आली. मागोमाग सारे पक्षी जमले.

"दादा, माझी अंडी गेली!"

"वाईट झालं, ताई. पण आता याहून देखणं दार आलंय. तुला दोन अळ्या कमी लावतो."

"देखणं?" साळुंकी कडाडली. "मग तुझ्या स्वतःच्या ढोलीला हे जाड दार कशाला?"

तो तोंड उघडणार, एवढ्यात आतून त्याची बायको भाबडेपणाने म्हणाली, "अगं, असं काय विचारतेस? आत आमची पिल्लं आहेत ना!"

पोपट उडाला, आपलं वेलबुट्टीचं दार उपटून त्याने सुतारपक्ष्याच्या झाडाखाली आणून टाकलं. दिवस मावळायच्या आत तिथे दारांचा ढीग झाला होता.