राही-सारजाचं जातं

त्या दगडावर बसू नका, बाई. जातं आहे ते. टेकायचं तर इकडं लिंबाखाली या. सगळा माळ काळा आणि घोंगडी अंथरावी एवढीच माती पिवळी, दिसतंय ना? शहरातली माणसं येतात आणि चिमूटभर पुडीत बांधून नेतात. नेऊ नये म्हणून सांगते, पण ऐकतंय कोण!

असं सांगतात, की या गावात राही आणि सारजा जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. डोंगरातल्या झऱ्यावरच्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, त्यांच्यावर प्रसन्न झाल्या आणि त्यांनी हे जातं दिलं. यात दाणे घालायचे नाहीत. दोघींनी समोरासमोर बसून खुंटा ओढायचा. दोघींच्या मनात एकच गोष्ट असली की ती जात्यातून पडायची. मनं वेगळी असली की नुसता दगड फिरायचा. गाव कधी उपाशी निजलं नाही म्हणे.

मग चिमा कासारीण आली बांगड्या भरायला. ती राहीचा हात हातात घेऊन बसायची आणि राही खुदुखुदु हसायची. सारजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एक दिवस दारात येऊन बघते तर काय, खुंट्यावर राहीचा हात आणि त्यावर चिमाचा! सारजानं वरचा दगड उचलला आणि ओढ्यापलीकडं राहायला गेली.

बारा वर्षं बोलणं बंद. राही विहिरीवर कुणाशी हसली, की सारजा भरलेली घागर ओतून माघारी जायची. राहीही काही कमी नव्हती हो! सारजाकडं कुणी ताक प्यायलं, तर त्याला आपल्या दारात उभं करायची नाही. चिमा केव्हाच गाव सोडून गेली होती, पण यांचं जळणं थांबलं नाही.

तेराव्या वर्षी दुष्काळ पडला. गावानं दोन्ही दगड इथं आणून जुळवले आणि दोघींना बळंच बसवलं. "बायांनो, फक्त ज्वारी मनात आणा," म्हणून लोकांनी हात जोडले. जातं फिरलं, पण काही पडेना.

"चिमाबरोबर बरं पडत असेल," सारजा म्हणाली.

"एक कण पडला नाही. तू विचारलंस तरी का? दगड घेऊन चालती झालीस."

"मला बघवलं नाही गं," म्हणून सारजा रडायला लागली.

तशी जात्यातून पिवळी धार लागली. लग्नाची हळद! पोटात अन्न नाही आणि ही हळद! लोक चिडले, पण जातं दोघींच्या मनातलंच देतं, तेव्हा नाही कोण म्हणणार? गावातल्या थोरल्या आजीनं ती हळद दोघींना लावली, तेव्हा कुठं ज्वारी पडायला लागली. पुढं दोघी मरेपर्यंत एका घरात नांदल्या.

आजही गावात लग्न निघालं, की पहिली हळद याच जात्यावर दळतात. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी बायका शोधून बसवतात, आणि हळकुंडं घालायच्या आधी पाच फेरे रिकामेच ओढायला लावतात. मला तीनदा बोलावणं आलं. जिच्याशी माझं बोलणं बंद आहे ती ठमी समोर बसणार असं कळलं, की मी काहीतरी कारण काढून घरी जाते. तिच्या मनात माझ्यासारखं नसलं, आणि सगळ्या गावादेखत नुसताच दगड फिरला तर?