मागच्या गुरुवारचं ओतकाम

शिरोलीच्या पंप कारखान्यात नाडगौडासाहेबांनी संगणकावर बोट आपटलं. "पंप बावीसला नाही, चौदालाच गिऱ्हाइकाकडे जाणार. गुंडूमामांची रजा रद्द!"

ओतकाम करणाऱ्या गुंडूमामांची लेक तीन वर्षांनी, दोनच दिवसांसाठी माहेरी येणार होती. मामा हातमोजे चढवून कामाला वळले. वेळापत्रक आखणाऱ्या शाल्मलीला मात्र परदेशात शिकतानाची चार वर्षं आठवली. आई फोनवर रोज एकच विचारायची, "कधी येशील?"

शाल्मलीने संगणकात पंपाची तारीख चौदा केली. "साहेब, कामं एकमेकांना जोडलेली आहेत. शेवटचं ओढलं की आधीची सगळी मागे सरकतात. आता ओतकाम मागच्या गुरुवारी गेलंय."

"जाऊ दे! संगणकात आहे तेच खरं."

"मग ओतकाम गुरुवारीच झालं. मामांचं काम संपलं. करा रजेवर सही!"

साहेबांनी खिडकीतून रिकाम्या साच्याकडे पाहिलं आणि बावीस तारीख परत टाकली. तिच्यासोबत रजाही परत आली.

निघताना मामांनी विचारलं, "पोरी, तुझी आई कुठं असती गं?"

"रत्नागिरीला."

"मग तुझा रजेचा अर्ज?"

परदेशातून परत येऊन सहा महिने झाले होते. शाल्मलीने तो अजून लिहिलाच नव्हता.