पाचवं बोट

"मग मला का नाही?"

हिंदुरावनं विचारलं तेव्हा दाऊदचाचा चहा बशीत ओतत होते. त्यांनी आधी ओतून घेतला. मग बशी फुंकली.

"काय का नाही?"

"गाडी, चाचा. तुमची गाडी. चाळकेतात्याला दिलीत. मला का नाही?"

"तू मागितली नव्हतीस."

"मागावी लागणार होती?"

चाचांनी एक घोट घेतला...

शिरगावच्या नाक्यावर, घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे, चाचांचं गॅरेज होतं. वर पत्रा, खाली ऑईल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. घाट चढणारी वाहनं आधी तिथं थांबत, उतरणारी नंतर. हिंदुराव सोळा वर्षं त्या काळ्या जमिनीवर पाठ टेकून काम करत आला होता.

गाडी अठरा वर्षांची होती. पांढरी, डिझेलची, टर्बोवाली. चाचा ती स्वतः चालवत. हिंदुरावनं तिचं इंजिन दोनदा खाली उतरवून पुन्हा चढवलं होतं. सकाळी ती चालू झाली की तो आतूनच, नुसत्या आवाजावरून सांगायचा, आज थंडी वाजतेय हिला.

मग चाचांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं.

गाडी हिंदुरावकडं जाणार हे नाक्यावरच्या सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. खुद्द हिंदुरावनंही. त्याच्या बायकोनं तर अंगणात गाडी वळावी म्हणून तुळशीचा कट्टा हातभर मागं बांधून घेतला होता.

आणि चाचांनी गाडी दिली धाकू चाळक्याला. निवृत्त पोस्टमन. साठी उलटल्यावर गाडी शिकलेला.

"क्लच कुठला, ब्रेक कुठला, हे त्याला खाली वाकून बघावं लागतं, चाचा."

"बघतो ना? मग झालं."

"स्टेपनी विचारली तर डिकीत शोधत बसेल. ती खाली टांगलेली आहे."

"सापडेल. जन्मभर पत्तेच शोधलेत त्यानं."

हिंदुरावला हसू आलं नाही. पोटात दुखायला लागलं की माणूस ओवा खातो. हे दुखणं ओव्यानं जाणारं नव्हतं.

"ते आले बघ," चाचा म्हणाले. "सांग त्यांना."

तिथला एक रिवाज होता. जुनी डिझेल गाडी नव्या मालकाच्या हाती द्यायची झाली, की तिच्या इंजिनाला ज्याचे हात लागलेत त्यानंच पाच गोष्टी सांगायच्या. मालकानं बॉनेटवर हात ठेवून ऐकायच्या. मगच किल्ली.

तात्या बायकोला घेऊन आले होते. काकींचे गुडघे गेलेले, म्हणून तर गाडीचा घाट घातला होता. त्यांचं माहेर घाटावर. चार वर्षांत त्यांनी ते पाहिलं नव्हतं. पिशवीत नारळ होता आणि बॉनेटला घालायला झेंडूचा हार.

तात्यांनी चपला काढल्या आणि हात बॉनेटवर ठेवला. देवळात ठेवावा तसा.

ते बघून हिंदुरावच्या मनात आलं, माझ्या गाडीवर हात ठेवतोय.

"सांगा," तात्या म्हणाले.

चाचा मागं बाकड्यावर बसले होते. एका हातात बशी. दुसरा हात मांडीवर, बोटं उघडी.

"किल्ली फिरवली की पिवळा दिवा लागेल," हिंदुराव म्हणाला. "तो विझेपर्यंत थांबायचं. आत हीटर तापतो. तो तापल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. थंडीत तर अजिबात नाही."

"दिवा विझू द्यायचा."

चाचांनी एक बोट मिटलं.

"ऑईल. वेळेवर बदलायचं. बदललं की दुसऱ्या दिवशी काळं दिसेल. घाबरून इथं पळत यायचं नाही. डिझेलच्या इंजिनात ऑईल काळंच होतं. मात्र किती आहे ते सकाळी, सपाटीला गाडी उभी असताना, कांडी काढून बघायचं."

"काळ्याला भ्यायचं नाही. कमी झालं तर भ्यायचं," तात्या म्हणाले.

हे हिंदुरावनं सांगितल्यापेक्षा बरं सांगितलं होतं. तेही त्याला टोचलं.

दुसरं बोट मिटलं.

"डिझेलच्या फिल्टरखाली हा स्क्रू आहे. महिन्यातून एकदा ढिला करायचा. डिझेलपेक्षा पाणी जड असतं, ते तळाला बसतं. ते बाटलीत काढून घ्यायचं आणि निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. पावसाळ्यात दर आठवड्याला."

तिसरं.

"टाकी कधी रिकामी होऊ द्यायची नाही. पेट्रोलची गाडी डिझेल संपल्यावर..." तो अडखळला. "म्हणजे पेट्रोल संपल्यावर, पुन्हा भरलं की चालू होते. ही होणार नाही. नळीत हवा शिरली की ती हातानं पंप मारून काढावी लागते. काटा पावावर आला की भरायचं."

"पाव," तात्या म्हणाले, आणि काकींनाही ऐकू गेलं का म्हणून मागं वळून बघितलं. काकींनी मान हलवली.

चौथं.

आणि मग हिंदुराव थांबला.

पाचवी गोष्ट त्याच्या जिभेवर होती. घाट चढून गेल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन-तीन मिनिटं उभ्या जागी चालू ठेवायचं. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तापून लाल झालेला असतो, आतलं चक्र अजून गरगरत असतं. इंजिन बंद केलं की त्याचं ऑईल तिथंच थांबतं आणि जळून कोळसा होतं.

एका दिवसात काही बिघडत नाही. सहा महिन्यांत, वर्षात बिघडतं. मग शिट्टी वाजायला लागते. मग निळा धूर. मग म्हातारा हात जोडून म्हणतो, मला नाही झेपत ही, तुम्हीच ठेवा...

"आणि टायरमधली हवा," हिंदुराव म्हणाला. "दर पंधरा दिवसांनी. गार असताना. ही फार महत्त्वाची."

"हवा," तात्या म्हणाले. "झाल्या पाच."

हिंदुरावनं मागं पाहिलं नाही.

नारळ फुटला. काकींना दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. तात्यांनी आत बसण्याआधी तळवे फडक्यानं पुसले, चपला हातात घेऊन पायाशी ठेवल्या. दिवा विझेपर्यंत थांबले. गाडी दोन गचके देत रस्त्याला लागली आणि घाटाकडं वळली.

"सांगितलंस सगळं?" चाचांनी विचारलं.

"सांगितलं."

चाचांचा हात मांडीवरच होता. चार बोटं मिटलेली. करंगळी ताठ.

चाचांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली. बिडी काढली, त्याच हातानं शिलगावली. करंगळी ताठच.

एक ट्रकवाला येऊन काही विचारून गेला. चाचांनी त्याला रस्ता दाखवला. तो करंगळीनंच दाखवला.

"चाचा, ते बोट..."

"कुठलं?"

हिंदुराव पाना घेऊन एका टेम्पोखाली शिरला. तिथून बाकड्याखालचे चाचांचे पाय दिसत होते आणि मांडीवरून लोंबणारा हात. तो नटाला पाना लावायचा, पाना निसटायचा. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा तो बाहेर आला आणि मोटरसायकलला किक मारली.

कुठं चाललास, असं चाचांनी विचारलं नाही.

घाटात त्यानं वाक्य जुळवलं. तात्या, एक सांगायचं राहिलं. मग ते मोडलं. राहिलं कसं, असं विचारलं तर? सोळा वर्षं मेकॅनिकी केली आणि राहिलं? एका वळणावर त्याला वाटलं, परत फिरावं. एका दिवसात काय होतंय? दुसऱ्या वळणावर त्याला काकींनी हलवलेली मान आठवली.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. तिच्या कडेला पांढरी गाडी उभी.

इंजिन चालू होतं.

काकी आत बसून दरीकडं बघत होत्या. तात्या गाडीभोवती हळूहळू फेऱ्या घालत होते. हात मागं बांधलेले. पाय अनवाणी.

हिंदुरावनं मोटरसायकल लावली.

"तात्या, गाडी बंद का नाही केली? डिझेल फुकट जळतंय."

तात्या दचकले. चोरी सापडावी तसा चेहरा झाला.

"चुकलं का माझं?"

"का नाही केली, ते विचारतोय."

"काही नाही हो. वेडेपणा समजा." तात्यांनी गाडीकडं पाहिलं. "मी तीस वर्षं हा घाट टपालाची पिशवी घेऊन पायी चढलो. वर पोचल्यावर एकदम खाली बसलो ना, तर पोटऱ्या धरायच्या. सुरुवातीला फार त्रास काढला. मग कळलं, की बसायचं नाही. दम खाली येईपर्यंत इथल्या इथं हिंडायचं. आज ही वर आली ती चांगलीच धापा टाकत होती. म्हटलं, हिलाही लगेच बसवू नये. ती उभी राहील, मी हिंडतो."

"किती वेळ झाला?"

"दोन फेऱ्या. सहा घालतो मी."

हिंदुरावला ही गोष्ट कळायला एक टर्बो जाळावा लागला होता, तोही चाचांच्याच गाडीचा, तिसऱ्या वर्षी. आणि या माणसाला ती पोटऱ्यांनी सांगितली होती. गाडी गेली तेव्हा दुखलं नव्हतं, इतकं आत्ता दुखलं.

तात्यांनी उरलेल्या फेऱ्या घातल्या. हिंदुराव उभा राहून मोजत होता. सहावी झाली तेव्हा इंजिनाचा आवाज खाली आला होता. तात्यांनी किल्ली फिरवली.

"तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात? काही राहिलं का सांगायचं?"

हिंदुरावचं तोंड उघडलं होतं. वाक्यही तयार होतं.

"टायर बघायला आलो," हिंदुराव म्हणाला. "हवा."

"बघा काकी," तात्या आत वाकून म्हणाले, कारण बायकोला तेही काकीच म्हणत, "एवढा घाट चढून माणूस हवा बघायला आला. कोण करतं आजकाल?"

काकींनी पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढून खिडकीतून त्याच्या हातावर ठेवला. तो घेऊन हिंदुराव चारही टायरांपाशी वाकला. हवा ठीक होती.

तो परत आला तेव्हा उन्हं कलली होती. चाचा टेम्पोपाशी बसून चाचपत चाचपत त्यानं सोडलेला नट आवळत होते.

"चाचा, एक गोष्ट सांगायची राहिली होती."

चाचा नट आवळत राहिले.

"राहिली नव्हती. ठेवली होती."

"हं."

"सांगायला वर गेलो. तर त्यानं आपणहूनच गाडी चालू ठेवली होती. कुणी न सांगता."

"मग? सांगितलीस?"

"त्याला येतंच होतं. काय सांगणार?"

चाचांनी पाना खाली ठेवला...

हिंदुरावचा आवाज चढला नाही, पण जाड झाला. "त्याला जर हे न शिकता येतं, तर मी सोळा वर्षं तुमच्या गाडीखाली काय करत होतो, चाचा? तेवढं सांगा. गाडी नको मला."



मग दाऊदचाचा उठले. हात फडक्याला पुसले. पत्र्याच्या खांबाला धरत छपराबाहेर गेले आणि गिऱ्हाईक उभं राहतं तिथं, उन्हात, जाऊन उभे राहिले. चपला काढून बाजूला सारल्या. समोर गाडी नव्हती. होती हिंदुरावची मोटरसायकल, तिच्याच टाकीवर त्यांनी हात ठेवला.

धुरकट डोळ्यांनी त्यांनी हिंदुराव कुठं उभा आहे याचा अंदाज घेतला, आणि प्रथमच भेटणाऱ्या माणसाशी बोलावं तसे अदबीनं म्हणाले,

"मिस्त्री, आम्ही जुनी गाडी घेतलीय. आम्हाला यातलं काही कळत नाही. जरा पहिल्यापासून सांगता का?"