मौन अभियानाचा शंभर टक्के निकाल

एक रान होतं. रानाला एक राजा होता, राजाला एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसू नये म्हणून दर पाच वर्षांनी निवडणूक होत असे. रानाचं नाव सावरबन, राजाचं नाव बिबटराव. नावावरून वाचकांच्या लक्षात आलंच असेल की तो बिबट्या होता. सावरबनातल्या मतदारांच्या ते मतदान झाल्यावर लक्षात यायचं.

बिबटराव कायद्याने चालणारा राजा होता. नुसती भूक लागली म्हणून त्याने कधी कुणाला खाल्लं नाही. त्याने रीतसर कायदा केला होता की जो गाफील असेल त्यालाच खायचं. हा कायदा सभेपुढे आला तेव्हा सशांनी, चितळांनी आणि रानकोंबड्यांनी एकमताने पाठिंबा दिला, कारण आपण गाफील नाही याची प्रत्येकाला खात्री होती. गाफील असतो तो शेजारचा.

आता असा कायदा केला म्हणजे प्रजेला सावध राहायला शिकवणं आलं. म्हणून सरकारने खोऱ्याखोऱ्यांत शाळा काढल्या. शाळेत विषय एकच, चाहूल. शिकवण्याची पद्धतही एकच. गुरुजी ओरडायचे, "पान हललं!" वर्ग ओरडायचा, "पळा पळा!" गुरुजी म्हणायचे, "वास आला!" वर्ग म्हणायचा, "वळा वळा!" आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जाई आणि तिथे चरणारे पालक अभिमानाने एकमेकांकडे बघत.

डॉ. शलाका काटेकर ही या रानातली साळिंदर. मुलं शाळेत नेमकी शिकतात कशी, हा तिच्या संशोधनाचा विषय. लेखणीसाठी तिला कुठे जावं लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटला की काम झालं. पण काटा उपटताना दुखतं, म्हणून ती गरजेपेक्षा जास्त लिहीत नसे, आणि म्हणूनच विद्यापीठात तिची बढती अडली होती.

एकदा ती पश्चिम खोऱ्यातल्या शाळेत पाठ बघायला गेली. वानरगुरुजी शिकवत होते. शेवटच्या ओळीत झुंबर नावाचं चितळाचं पाडस होतं. मान ताठ, डोळे मिटलेले, आवाज सगळ्यांत मोठा. "पान हललं!" गुरुजी म्हणाले. झुंबरच्या मागचं पान खरंच हललं. "पळा पळा!" झुंबर जीव तोडून ओरडला, आणि ओरडता ओरडताच वर्गातून नाहीसा झाला. गवतात थोडी खसफस झाली. बाकीच्यांनी पुढची ओळ म्हटली.

"गुरुजी, पोर गेलं!" शलाका किंचाळली.

"बघितलं मी," गुरुजी हळहळले. "हुशार होता हो. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी." मग त्यांनी हजेरीत झुंबरच्या नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं. दुसरा शब्द लिहायची सोयच हजेरीत नव्हती.

त्या दिवशी शलाकाला अन्न गेलं नाही. पोरं मन लावून शिकत होती, गुरुजी मन लावून शिकवत होते, आणि त्या शिकण्याच्या गोंगाटात ज्याच्यासाठी शिकायचं तेच ऐकू येत नव्हतं. घोकून घेण्यापेक्षा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पोरं जास्त शिकतात का, हे तपासायचं तिने ठरवलं.

पद्धत तिला पूर्व खोऱ्यात सापडली. तिथे मंजुळाबाई नावाच्या भेकर शिक्षिका होत्या. भेकर म्हणजे भुंकणारं हरीण, आणि त्याचा आवाज फुटक्या डब्यावर दगड मारावा तसा. आईवडिलांनी मंजुळा हे नाव बहुधा आशेने ठेवलं असावं. आपल्या आवाजाला लाजून बाई वर्गात फारसं बोलतच नसत. पोरांना गवतात बसवायच्या, गप्प करायच्या आणि मग विचारायच्या, "काय ऐकलंत?"

"मुंगूस गेलं," ससुली नावाची सशाची मुलगी म्हणाली. "पाय ओले होते त्याचे."

"ओले कशावरून?"

"पान चिकटून सुटल्यासारखं वाजलं, बाई."

शलाकाचे काटे आनंदाने उभे राहिले. आजूबाजूला बसलेल्यांना त्यामुळे जरा सरकावं लागलं.

संशोधनाला परवानगी लागते, म्हणून ती शिक्षणमंत्र्यांकडे गेली. शिक्षणमंत्री तरसोजी. जातीने तरस असल्यामुळे ते सतत हसत असल्यासारखे वाटत. शोकसभांना त्यांना शक्यतो मागे बसवत. राजाच्या जेवणातून जे उरतं ते खाऊन ते जनसेवा करत.

"निम्म्या शाळांत जुनी पद्धत, निम्म्यांत मौनाची," शलाकाने समजावलं. "वर्षभरानंतर तुलना करायची."

"निष्कर्ष काय येणार आहे?" तरसोजींनी विचारलं.

"ते आत्ता कसं सांगू, साहेब? त्यासाठीच तर संशोधन."

"असं कसं, डॉक्टरबाई? निष्कर्ष आधी द्या. छपाईला वेळ लागतो." ते खिदळून हसले. पण वर्ष निवडणुकीचं होतं आणि फलकावर 'संशोधन' हा शब्द बरा दिसतो, एवढ्यावर त्यांनी सही केली.

पूर्व खोऱ्यात मौन सुरू झालं, पश्चिमेत घोकंपट्टी चालू राहिली. पावसाळा सरेपर्यंत पूर्वेच्या पोरांना वाऱ्याची दिशा कळू लागली. ती पानाच्या आवाजावरून पाय ओळखू लागली, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी जितकी घरून गेली होती तितकी घरी येऊ लागली. पूर्वेकडच्या आयांना हे इतकं नवीन होतं, की काहीजणी पोरांना पुन्हा पुन्हा मोजत.

राजधानीत मात्र चिंता पसरली. अर्ध्या रानातून काही मिळेनासं झालं आणि बिबटरावांचं पोट खपाटीला गेलं. महाराज प्रजेसाठी उपवास करत आहेत, असं सरकारने जाहीर केलं. तरसोजींना तर उरलेलंच मिळेना. एका सकाळी राजाने त्यांना बोलावलं.

"ही साळिंदर काय करते आहे?"

"मुलांना शिकवण्याचे प्रयोग, महाराज."

"ते तर आपण पूर्वीपासून शिकवतोच ना?"

"शिकवतो, महाराज. ही शिकली का ते बघते."

असा उद्योग सावरबनात याआधी कुणी केला नव्हता. "बंद करू?" राजाने विचारलं.

"छे, छे! बंद केलं तर तिचं खरं ठरेल," तरसोजी म्हणाले. "आपण ते वाढवू."

पण सरकारने आपणहून काही वाढवणं बरं दिसत नाही. मागणी जनतेची लागते. ती करायला विरोधी पक्षनेते भाऊ तुरेकर होतेच. भाऊ म्हणजे रानकोंबडा. सूर्य आपण आरवतो म्हणून उगवतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पश्चिम खोऱ्याला शलाकाच्या अहवालात 'तुलना गट' म्हटलंय, एवढं त्यांच्या कानावर घालण्यात आलं. पुढचं काम त्यांनी स्वतः केलं.

"बांधवांनो!" वारुळावर उभे राहून भाऊ गरजले. "आपल्या लेकरांना तुलनेसाठी ठेवलंय! पूर्वेला मौन मिळतं, आणि पश्चिमेच्या वाट्याला काय? नुसता आरडाओरडा!" खाली जमलेल्यांनी प्रचंड आरडाओरडा केला. "तुलना नको, समता हवी! मौन आमच्या हक्काचं!"

मोर्चा राजधानीवर गेला. सरकार लगेच झुकलं. इतकं लगेच, की मोर्चेकऱ्यांनी बांधून आणलेल्या भाकऱ्या तशाच राहिल्या.

शलाकाला उलट आनंदच झाला. तुलनेला गट उरणार नव्हता, पण पोरं तर वाचणार होती. ती धावत मंजुळाबाईंकडे गेली. "बाई, आता सगळ्या रानात तुमची पद्धत!"

"ताई," मंजुळाबाई घाबरून म्हणाल्या, "सरकार करणार म्हणजे गाजावाजा होईल हो."

तसंच झालं. 'महाराज मौन अभियान' जाहीर झालं. उद्घाटनाला ढोल होते. परिपत्रकानुसार प्रत्येक तासाच्या सुरुवातीला वर्गाने उभं राहून मौनाची शपथ मोठ्याने म्हणायची होती. नंतर अभियानगीत. मग घोषणा: "एक नारा, एक सूर, मौन जाईल दूर दूर!" तिचा अर्थ नेमका काय निघतो, हे कुणी बघितलं नाही. मौन पाळलं जात आहे याचा पुरावा म्हणून शिक्षकांनी टेकडीवर चढून वरचेवर ओरडायचं होतं, "मौन चालू आहे!" या कामासाठी मंजुळाबाईंची खास नेमणूक झाली, कारण विभागाच्या म्हणण्याप्रमाणे इतका पल्लेदार आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. वर्गात जायला त्यांना वेळच उरेना.

वानरगुरुजींना मात्र नवी पद्धत पटकन जमली. "मौन म्हणजे काय?" ते ओरडत. "शांत शांत!" वर्ग ओरडे. मागे पान हले.

बिबटरावांच्या पोटाला पुन्हा गोलाई आली. उपवास यशस्वीरीत्या सुटला.

वर्षाअखेरीस सरकारने स्वतःच मूल्यमापन केलं. शाळेत हजर असलेल्या प्रत्येक मुलाला विचारण्यात आलं, "तुला बिबट्याने खाल्लं का?" सगळ्यांनी 'नाही' म्हणून सांगितलं. निकाल शंभर टक्के लागला.

शलाका तरातरा मंत्रालयात गेली. "साहेब, जी पोरं उरलीच नाहीत त्यांचं काय?"

"जी नाहीत त्यांची परीक्षा कशी घेणार, डॉक्टरबाई? तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा."

"पण ती शिकली नाहीत म्हणून तर गेली!"

"म्हणजे गळती. तो वेगळा विभाग आहे," तरसोजी म्हणाले आणि हसले. निदान तसा आवाज आला. "आणि अभिनंदन! तुम्हाला 'मौनरत्न' जाहीर झालंय. समारंभाला दोन शब्द बोला. दोनच."

शलाका घरी येऊन बिळात तोंड खुपसून बसली. समारंभाला जायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. मंजुळाबाई आल्या. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोड वाटत होता.

"सगळी पोरं एका जागी बसलीत, ताई, असं परत कधी होईल?" त्या म्हणाल्या. "पाठ घेऊन टाका."

मैदान भरलं होतं. पुढे पोरं, मागे पालक, त्यांच्यामागे उंच गवत. मंचावर बिबटराव, तरसोजी, आणि सरकारात नुकतेच दाखल झालेले भाऊ तुरेकर.

"माझ्या प्रिय लेकरांनो!" राजाने सुरुवात केली. "लोक विचारतात, महाराज खातात का? मी सांगतो, मी खात नाही. गाफीलपणा मला खायला भाग पाडतो! आज आपल्या शिक्षणाकडे शेजारची रानं आ वासून बघताहेत." टाळ्या पडल्या. आ कोण वासतंय हे पहिल्या ओळीला जवळून दिसत होतं, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

मग शलाका उभी राहिली. तिने दोनच शब्द उच्चारले.

"ऐका जरा."

आणि ती गप्प राहिली. भाऊंनी सवयीने घोषणेसाठी चोच उघडली, पण पुढचं काही ठरलेलं नसल्यामुळे मिटली. ढोलवाले थांबले. पोरं थांबली. पालकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. हळूहळू सगळं मैदान शांत झालं. अभियान सुरू झाल्यापासून सावरबनात पहिल्यांदाच मौन झालं होतं.

आधी राजाचं पोट गुरगुरलेलं ऐकू आलं. सगळ्यांना. शेवटच्या ओळीपर्यंत.

मग पूर्व खोऱ्यातल्या पोरांचे कान वळले. मंचाकडे नाहीत, मागे, गवताकडे.

"बाई," ससुली साध्या आवाजात म्हणाली, "गवतात दोघं आहेत. डावीकडचा लंगडतो."

राजाला दोन पुतणे होते आणि त्यातला एक लंगडा होता, हे अख्ख्या रानाला माहीत होतं. मग मंजुळाबाई बसलेला घसा फाडून एकदाच भेसूर भुंकल्या, आणि मैदान उधळलं. चितळं, ससे, डुकरं, कोंबडे, सगळे. वानरगुरुजी सर्वांत आधी झाडावर पोचले; विषय त्यांचाच होता. धूळ खाली बसली तेव्हा मैदानात मंच होता, मंचावर मंत्रिमंडळ होतं, आणि गवतात दोन पुतणे उपाशी उभे होते. त्या संध्याकाळी एकही पोर कमी भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. भर सभेत शांतता राखून सार्वजनिक शांततेचा भंग केल्याबद्दल शलाकाला विद्यापीठातून काढण्यात आलं. मंजुळाबाईंवर परवानगीशिवाय भुंकल्याचा ठपका आला आणि त्यांची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. पटसंख्या कमी होती, कारण पोरं शाळेऐवजी बाईंकडे जात होती. करवंदीच्या जाळीत त्या दोघी आता पोरांना घेऊन गप्प बसतात. शलाका काही लिहीत नाही. तिचे काटे पुन्हा दाट आले आहेत, आणि जाळीपाशी वाकून बघणाऱ्यांना ते जाणवतात. पण जाळी लहान आहे. रानातली सगळी पोरं तीत मावत नाहीत.

निवडणूक वेळेवर झाली. बिबटराव निवडून आले. समारंभात आपण सगळे पळालो, म्हणजे अभियानाचा उपयोग झाला, असं बहुतेक मतदारांचं मत पडलं.

मौन शिकणं गरजेचं आहे, हे मात्र आता सरकारलाही पटलं आहे. तरसोजींच्या मेहुण्याने राजधानीत 'नीरव शिकवणीवर्ग' काढले आहेत. तिथे ढोल नाहीत, घोषणा नाहीत. पोरं गवतात बसतात, ऐकतात आणि खरोखर शिकतात. मंत्र्यांची पोरं तिथेच जातात, भाऊंची पिल्लंही. शुल्क जरा जास्त आहे.

ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी शाळा आहे. ती मोफत आहे, आणि सक्तीची.