इर्जिकीची परतफेड

विषय : समुद्रापलीकडील श्रीमंत राज्याने डोंगरी मुलखाशी करावयाचा ज्वरसंशोधन-करार.
संदर्भ : वृद्ध वैद्यांनी सही न करता मिटून ठेवलेला मसुदा.

एकदा एका डोंगरी गावात एक वृद्ध वैद्य राहत होते. दर पावसाळ्याअखेर तिथे एक ताप येई आणि चार-दोन मुले घेऊन जाई. वैद्यांच्या शिष्याने सहा वर्षे गावोगाव पायी हिंडून त्याची टिपणे केली होती. त्या टिपणांची कीर्ती ऐकून श्रीमंत राज्याचे विद्वान मसुदा घेऊन आले. त्यात तापापेक्षा कलमे जास्त होती. शिष्याने रक्ताचे नमुने गोळा करून पाठवावेत. त्यांचा अर्थ विद्वान आपल्या घरी लावतील आणि आपल्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर त्याचे आभार मानतील. बदल्यात एक सूक्ष्मदर्शक मिळणार होता. तेवढ्यासाठी शिष्य प्रत्येक पानावर सही करायला तयार होता.

वैद्यांनी मसुदा मिटला आणि पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी आपल्या नाचणीच्या इर्जिकीला बोलावले. सारा गाव एकाच्या शेतात राबतो, मालक जेवू घालतो, ही रीत पाहुण्यांना फार आवडली. त्यांनी उत्साहाने खुरपणी केली. तणाबरोबर बरीचशी नाचणीही उपटली. शिष्य मात्र धास्तावला होता. पाहुणे रुसले तर यंत्रही जाणार.

जेवणे झाल्यावर वैद्यांनी प्रमुख विद्वानांना विचारले, "आता तुमच्या शेतावर आम्ही कधी यायचं?"

आपल्याला शेतच नाही, असे सांगून ते हसले.

"आहे की. तुमचा प्रश्न हे तुमचं शेत. हा आमचा पोरगा तिथे राबायला येईल. पण त्याचंही एक शेत आहे. झऱ्याखालच्या वाडीत हा ताप का शिरत नाही, हे त्याला सहा वर्षं छळतंय. तिथे तुम्ही कधी येणार, ते कलम मला सापडलं नाही. परतफेड नसली की आम्ही तिला इर्जिक म्हणत नाही, वेठ म्हणतो. जेवण कितीही चांगलं असलं तरी."

आपल्यालाही प्रश्न असू शकतो, हे शिष्याने प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. तो ताठ बसला. म्हणाला, "निम्मे नमुने इथेच राहतील. आणि तपासायला मी शिकेन."

प्रमुख विद्वानांनी पानावरची उरली भाकरी बाजूला सारली. मग लेखणी मागून घेतली आणि दोन्ही गोष्टी, वाडीच्या प्रश्नासह, स्वतःच्या हाताने मसुद्यात लिहिल्या.

सुधारित मसुदा त्यांच्या वरिष्ठांकडे मंजुरीसाठी सादर होऊन आठ महिने झाले. पहिल्या दोन स्मरणपत्रांना ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे उत्तर आले. तिसऱ्यावर शिष्याने सहीखाली ‘सहसंशोधक’ असे लिहिले. त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.