द्वारकाचा राग

"पण बाई, ऑपरेशनमध्ये माझं चुकलं काय?"

निशिकांतचा आवाज चढला होता. कारखानीसबाईंच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यांत हुशार सर्जन, असं त्याला लोक म्हणत; त्यालाही ते पटलेलं होतं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग ती माझ्यावर का उखडली?"

ती म्हणजे द्वारका. पहिल्या बाळंतपणात तिचा गुदद्वाराचा स्नायू फाटला. वरवर टाके घालून तिला घरी पाठवलं. पुढं शौच आवरेना. लग्नकार्य सुटलं, एसटीचा प्रवास सुटला, नवऱ्यानं अंथरूण वेगळं केलं. ज्या डॉक्टरला विचारावं तो म्हणे, बाळंतपणात व्हायचंच. मुलगी चौथीत गेली, तेव्हा कुठं निशिकांतनं तो स्नायू शिवला आणि त्रास थांबला.

आज ती तपासणीला आली. विद्यार्थ्यांसमोर त्यानं हसून विचारलं, "आता तरी खूश ना?"

"इतकी वर्षं मी चार माणसांत बसले नाही," द्वारका म्हणाली. "खूश कशाची होऊ?" आणि तडक निघून गेली.

"मी तिचं आयुष्य सावरलं, बाई. साधे आभार मानू नयेत?"

बाई उठल्या. "चल."

प्रसूतिकक्षात एक कोवळी पोर नुकतीच बाळंत झाली होती. बाळ थोराड होतं. निवासी डॉक्टर टाके घालायला बसली होती.

"मागून बोट घालून पाहिलंस?" बाईंनी तिला विचारलं.

"बाहेर अजून तिघी ताटकळल्यात, बाई..."

"पाहिलंस का?"

तिनं सुई खाली ठेवली.

बाईंनी हातमोजे चढवले, पोरीला सांगून स्वतः तपासलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"स्नायू फाटलाय. आणि तू वरून कातडी शिवून मोकळी होणार होतीस."

मग निशिकांतकडे वळून, "हात धू."

"हे प्रसूतीवाल्यांचं काम आहे..."

बाईंनी नळ सोडला.

त्यानं हात धुतले.

पोरीला समजावून, तिचा होकार घेऊन थिएटरमध्ये नेलं. स्नायूची ताजी, लालभडक टोकं लगेच हाती लागली. द्वारकाच्या वेळी हीच टोकं जुन्या व्रणातून सोडवताना त्याला घाम फुटला होता.

बाहेर आला तरी त्याची धुसफूस चालूच होती.

"हिचं काय टळलं, ते हिला कधी कळायचंसुद्धा नाही. हीही आभार मानणार नाही."

बाईंनी मोजे ओरबाडून बादलीत फेकले.

"कशाचे मानायचे?"