विहिरीतली हळद

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं, की बांधावरचा तोडलेल्या बाभळीचा खुंटसुद्धा दिसेना. वारा नव्हता. गवतावर दव तसंच बसून होतं. अशा सकाळी एका गावात एक जीप आली आणि लटारी नावाच्या म्हाताऱ्याच्या वावराशी थांबली.

लटारी तरुणपणी विहिरी खणायचा. अक्षर त्याला येत नव्हतं, पण जमिनीच्या पोटात काय आहे, ते कुदळीच्या आवाजावरून कळायचं.

जीपमधून गॅस कंपनीच्या शर्वरी मॅडम उतरल्या. आठ दिवसांपूर्वी त्यांनी सगळ्या गावाला देवळापुढे बसवून सांगितलं होतं, की इथे फार खोल, पाटीसारख्या थराथराच्या खडकात गॅस अडकलेला असावा. तो आहे की नाही, हे बघायला एक बोअर घ्यायची. ज्याच्या वावरात ती होईल, त्याच्या दारापर्यंत कंपनी पक्का रस्ता करून देणार होती.

"नकाशाप्रमाणे तुमचीच जागा बसते, बाबा," मॅडम म्हणाल्या. "तुमची काही हरकत?"

रस्ता लटारीला हवाच होता. त्याची बायको सगुणा दम्यानं आजारी. मागल्या पावसाळ्यात तिला बाजेवर घालून गुडघाभर चिखलातून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पूर्वी शेजारच्या उकंडाच्या वावरातून कोरडी वाट होती. पण अकरा वर्षांमागं लटारीनं बांधावरची बाभूळ तोडली. उकंडा म्हणाला, ती माझी होती, आणि त्यानं वाटेवर काटे टाकले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आणखी एक गोष्ट होती. ती फक्त लटारीला ठाऊक. जिथे बोअरचं मशीन बसणार, तिथेच त्याची जुनी, अर्धवट खणलेली विहीर होती. तिच्या तळातला झरा सरळ उकंडाच्या विहिरीला जात होता. त्या विहिरीवर अर्धं गाव पाणी भरायचं. झरा फुटला, तर ती विहीर संपली.

वावरातल्या घरात सगुणा खोकली. लटारीनं तिकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"जागा चुकतेय, बाई," तो म्हणाला, आणि त्यानं झऱ्याचं सांगितलं.

"आमच्या नकाशात झरा नाही."

"नकाशा काढणारा खाली उतरला नसेल. मी उतरलो होतो."

मॅडमनी विचारलं, "मग खरं कसं ठरवायचं?"

"माझ्या विहिरीत हळद टाकू. तीन दिवस थांबा. त्याच्या विहिरीत उतरली, तर माझं खरं."

"आमच्याकडे तपासायचा रंग आहे."

"रंग नको. लोक ते पाणी पितात."

सगुणानं वर्षाची हळद काढून दिली आणि लटारीनं ती विहिरीत ओतली. मशीनचा ट्रक तोवर वेशीशी येऊन ठेपला होता. वरचे साहेब फोनवर चिडले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "सर, तीन दिवसांत खडक कुठे पळून जात नाही."

जन्मभर लटारी लोक म्हणतील तिथे खणत आला होता. कुठे खणू नये, हे त्याला कोणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

मॅडम उकंडाकडेही जाऊन आल्या. तो म्हणाला, "त्याला म्हणा, माझी बाभूळ तोडली तेव्हा नाही आठवला झरा." पण पाण्यावर लक्ष ठेवतो म्हणाला.

दोन दिवस काहीच झालं नाही. ट्रकचा ड्रायव्हर हसून म्हणाला, "बाबा, तुमची हळद वाटेत जेवायला थांबली वाटतं."

"थांबू दे," लटारी म्हणाला. "झऱ्याला हॉर्न नसतो."

तिसऱ्या सकाळी पुन्हा धुकं होतं. त्यातून उकंडा काटे ओलांडत आला. त्याच्या हातात लोटा होता. लटारीकडे न बघता त्यानं तो मॅडमपुढे ठेवला. पाणी फिकट पिवळं होतं.

मॅडमनी ट्रक नाल्यापलीकडच्या पडीक जमिनीवर नेला. कंपनीचा रस्ताही तिकडेच गेला. गॅस निघाला की नाही, ते कंपनीला ठाऊक. विहीर मात्र चार दिवसांत पुन्हा निवळली.

जाताना मॅडम लटारीला म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता, तर आमच्या हातून पाणी बिघडलं असतं. उपकार झाले, बाबा."

"तुम्ही थांबलात, तेच पुष्कळ," लटारी म्हणाला.

संध्याकाळी सगुणानं त्याच्या हातात चहा दिला. "रस्ता गेला की हो."

"गेला," लटारी म्हणाला. "पाणी राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधापलीकडून काटे ओढल्याचा आवाज आला. लटारी बघायला गेला. उकंडा वाट मोकळी करत होता. लटारीनं वाकून दुसऱ्या बाजूचा काटा धरला.

तात्पर्य: आधी विचारावं, मग थांबावं, आणि आपलं नुकसान होत असलं तरी शेजाऱ्याचं पाणी राखावं. असं राखलेलं पाणी राखणाऱ्याला विसरत नाही. शेवटचा काटा बाजूला टाकून उकंडा लटारीला म्हणाला, "लटारीभाऊ, वहिनीला आता इकडून नेत जा. रस्ता इथेच होता, मीच अडवून बसलो होतो."